पहिली गाडी: नवी, जुनी, की ओळखीची?

अहमदपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या गावापासून २२ किलोमीटरवरच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. अर्धा रस्ता नांदेड-लातूर महामार्गाचा, उरलेला आत फुटणारा, खडी उघडी पडलेला. कॉलेजात मैत्रिणीची स्कूटी चालवली तेवढीच, गिअरची गाडी कधी हातात नाही. समोर तीन पर्याय आहेत. एका ऑटो कन्सल्टंटकडची, म्हणजे जुन्या गाड्या विकणाऱ्याकडची, २०१६ ची पल्सर १५०, सांगतोय ४५ हजार. त्यांच्याच आरोग्य केंद्रातल्या एका सरांची २०२१ ची स्प्लेंडर, ५२ हजार. नाहीतर शोरूममधून १२५ सीसीची नवी गाडी, ऑन-रोड ९४ हजार, त्यातले ७० हजार हप्त्यावर. घरचे म्हणतात शिकताना पडणारच आहेस, जुनीच घे. शेजारी म्हणतात बाईमाणसाला स्कूटीच बरी.

आधी उत्तर देतो, मग कारणं. सरांची स्प्लेंडर घ्या, पण खाली लिहिलेली तपासणी आणि कागदपत्रं नीट निघाली तरच. त्यात कुठं अडलं तर नवी घ्या, आणि तीही १२५ नको, १०० ची. पल्सर विसरा. तो कन्सल्टंट पाच हजार उतरला तरी विसरा.

स्कूटीचं पटकन संपवतो. महामार्गावर आणि शहरात स्कूटीसारखी सोयीची गाडी नाही, हे खरं. पण तिची चाकं १० किंवा १२ इंचाची असतात आणि स्प्लेंडरसारख्या गाडीची १८ इंचाची. उघड्या खडीत आणि खड्ड्यात लहान चाक आत बसतं, मोठं चाक वरून निघून जातं. तुमचा रोजचा ११ किलोमीटरचा आतला रस्ता बघता मोटरसायकलचा तुमचा विचार बरोबर आहे. बाई-पुरुषाचा इथं काही संबंध नाही.

आता 'पडणारच आहे तर जुनी घ्या' हा सल्ला. मी लातुरात गॅरेज चालवतो, हा सल्ला घेऊन आलेली लेकरं कायम बघतो. शिकताना गाडी पडते, मान्य. पण ती पडते कशी? बहुतेक वेळा उभ्या जागी, वळवताना, नाहीतर क्लच झटकन सुटला म्हणून. त्यात आरसा जातो, इंडिकेटर फुटतो, क्लचची मूठ वाकते, फुटरेस्ट वाकतो. १०० सीसीच्या गाडीचे हे सगळे पार्ट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात आणि काम काही शे रुपयांत होतं. लेगगार्ड लावलेला असला तर तेवढंही नाही. एवढ्या खर्चाला भिऊन कुणाची तरी टाकून दिलेली गाडी घेण्यात अर्थ नाही.

नवशिक्याची खरी अडचण वेगळी आहे. गाडीत दोष आहे की आपल्या हातात, हे त्याला कळत नाही. क्लच प्लेट संपत आली की गाडी उशिरा उचलते, मग एकदम झेप घेते. जुना चालवणारा अर्ध्या मिनिटात म्हणेल, प्लेट गेली. नवीन माणूस म्हणतो, मला क्लच जमत नाही. हँडलच्या कोनसेटला, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगला, मधोमध खाच पडली की गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा हळूच इकडून तिकडं डोलते. नवीन माणसाला वाटतं आपला तोल कच्चा आहे, म्हणून तो हँडल आणखी घट्ट धरतो आणि गाडी आणखी डोलते. मागचा ब्रेक लागत नसला की तो पुढच्यावर जास्त दाबायला शिकतो, आणि एक दिवस खडीवर तेच करतो. बिघडलेल्या गाडीवर लागलेल्या सवयी पुढं चांगली गाडी आली तरी लवकर सुटत नाहीत.

म्हणून नवी की जुनी यापेक्षा मी आधी बघतो की गाडीचा इतिहास कुणाला माहीत आहे का. सरांची गाडी तुम्ही रोज आरोग्य केंद्रासमोर लागलेली बघता. ती कुणी चालवली, पावसात कुठं उभी राहिली, कुठल्या मिस्त्रीकडं जाते, हे विचारलं की कळतं. सरांना उद्याही त्याच दवाखान्यात तुमच्यासमोर बसायचं आहे, तेव्हा ते काही फार लपवणार नाहीत. कन्सल्टंटला यातलं काहीच लागू नाही. त्याच्याकडं गाडी येते, पॉलिश होते, सीटकव्हर नवं बसतं, आणि मागचं कुणी विचारू नये एवढीच त्याची इच्छा असते. सगळे तसे नसतात, पण वेगळा कोण हे ओळखायला अनुभव लागतो, आणि तो तर तुम्हाला अजून यायचाय.

पल्सर गाडी म्हणून वाईट नाही. वाळूजच्या कारखान्यामुळं मराठवाड्याला बजाजचं अप्रूप आहेच, आणि पोरांना त्या आवाजाचं वेड आहे. पण तुमचा हिशोब बघा. ती दीडशे किलोच्या जवळ जाते, स्प्लेंडर ११२ किलोची. खडीत उभ्या जागी गाडी कलली की हा फरक पायाला कळतो. दुसरं, २०१६ च्या त्या गाडीला एबीएस नाही, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय नाही. १२५ सीसीच्या वर एबीएस आणि १२५ पर्यंत सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो ती सोय) हा नियम १ एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागला. पुढं जोरदार डिस्क ब्रेक, एबीएस नाही, खाली खडी आणि वर नवीन हात, हे जुळवून आणायची काही गरज नाही. तिसरं, पेट्रोल. तुमचं रोजचं जाणं-येणं ४४ किलोमीटर, महिन्याचं धरा ११०० च्या आसपास. ४५ च्या ॲव्हरेजला २४ लिटर लागेल, ६० च्या ॲव्हरेजला १८. महिन्याला सहा लिटरचा फरक, म्हणजे सहाशे रुपयांच्या वर, फक्त टाकीत. दहा वर्षं जुन्या इंजिनाचं काम निघालं तर ते वेगळं.

बरं, आता सरांची गाडी बघायला जायचं कसं.

सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावून बघा, गार पाहिजे. गरम असेल तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी जा. गार इंजिन चालू करताना जे कळतं ते नंतर झाकलं जातं. एका सेल्फवर चालू झाली पाहिजे. २०२१ ची आहे म्हणजे बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमाची), कार्बोरेटर नाही, इंजेक्शनची गाडी. तिला बॅटरी धड लागते, मरतुकड्या बॅटरीवर ती किकनंसुद्धा कुरकुर करते. सुरुवातीला सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ आली तर घाबरू नका, ती जाते. पण निळसर धूर येत राहिला आणि रेस केल्यावर वाढला, तर गाडी ऑईल खाते. मग पिस्टन-बोअरचं काम आहे. तिथंच नमस्कार करून निघायचं.

मग डबल स्टँडवर लावा. एकानं मागून दाबून पुढचं चाक उचलायचं, दुसऱ्यानं हँडल एका बोटानं हळू डावीकडून उजवीकडं न्यायचं. मधे कुठं 'खट' करून अडकलं तर कोनसेट गेला. खर्च फार नाही, पण भाव करताना मोजायचा. मागं जाऊन बसा आणि दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा. चाक तिरकं दिसलं किंवा हँडल सरळ असताना चाक सरळ नसलं, तर गाडी जोरात आपटलेली आहे. चेसी आउट असलेली, म्हणजे सांगाडा वाकलेली गाडी फुकट मिळाली तरी नको. चेन मागच्या चक्राच्या मागच्या टोकाला धरून बाहेर ओढा. दातावरून बरीच सुटली तर चेनसॉकेट बदलायला आलं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं, नक्षी शिल्लक असली तरी. असा टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही.

किलोमीटरच्या मीटरवर फार भरवसा ठेवू नका, तो मागं करता येतो. त्याऐवजी ब्रेक पेडलचं आणि फुटरेस्टचं रबर बघा. मीटर म्हणतंय १८ हजार आणि रबर गुळगुळीत होऊन लोखंड दिसतंय, तर मीटरला विचारायची गरज नाही.

एक तपासणी आता मराठवाड्यात जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं करायलाच पाहिजे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर, जालना, सगळीकडं गावांत पाणी शिरलं आणि दारातल्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून बाजारात आल्या आहेत. बुडालेली गाडी वरून कळत नाही. सीट काढून बॅटरीच्या डब्याच्या कोपऱ्यात बघा, वाळलेला बारीक गाळ तिथं राहतो. हेडलाइटच्या आतून आणि मीटरच्या काचेमागं वाफ धरली आहे का, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आला आहे का, सीटखालच्या नटांवर नवा गंज आहे का, हे बघा. ऑईलची काडी काढल्यावर ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. सरांच्या बाबतीत सरळ विचारूनच टाका, गेल्या सप्टेंबरात गाडी कुठं होती?

हे सगळं तुम्हाला एकटीला जमणार नाही, जमावं अशी अपेक्षाही नाही. अहमदपुरातला एखादा मिस्त्री दोनशे-तीनशे रुपये देऊन सोबत न्या. मात्र तो सरांचा रोजचा मिस्त्री नको.

आता कागदपत्रं, कारण आपल्याकडं जुन्या गाडीत माणूस इंजिनापेक्षा कागदात जास्त फसतो. आपल्या भागातली जुनी पद्धत म्हणजे बाँडवर लिहून द्यायचं, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, पैसे मोजले, किल्ली घेतली, झालं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा बाँड बंद होऊन पाचशेचा झाला, तरी पद्धत तीच. त्या बाँडनं गाडी तुमच्या नावावर होत नाही. गाडी नावावर होते ती आरटीओकडं फॉर्म २९ आणि ३० गेल्यावर. मिस्त्रीलोक आणि एजंट याला 'टीटी' म्हणतात. आता हे परिवहनच्या वेबसाइटवरून सुरू होतं आणि मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो. म्हणून पहिला प्रश्न हा की आरसीला, म्हणजे गाडीच्या नोंदणीला, सरांचा चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे का. नसेल तर आधी तो बदलून घ्यायला सांगा. यातच लोकांचे आठवडे जातात.

आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव आहे का तेही बघा. हप्ते कधीच फिटले असतील, पण एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवायची राहून गेलेली असते. त्याला कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. हे सरांनी करायचं, तुम्ही नाही, आणि पैसे द्यायच्या आधी. सर टाळाटाळ करत असतील तर त्यांना सांगा, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईला तोच मालक धरला जातो. गाडी विकून मोकळा झालो असं समजणारा माणूस मोकळा नसतो. हे ऐकल्यावर विकणाराच आरटीओला जायची घाई करतो, असा माझा अनुभव आहे.

चेसी नंबर हँडलच्या मानेवर कोरलेला असतो. तो बोटानं पुसून आरसीशी एकेक आकडा जुळवा, इंजिन नंबरही. ई-चलान राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या साइटवर गाडी नंबर टाकून बघा. गाडी नगरपालिकेच्या चौकातून रोज गेलेली नसली तरी पुण्याला भाच्यानं नेलेली असू शकते. एचएसआरपी, म्हणजे सरकारी नियमाची सुरक्षित नंबरपाटी, बसलेली आहे का बघा. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती कंपनीकडूनच येते, त्यामुळं २०२१ च्या गाडीला साधी पाटी दिसली तर मूळ पाटी कुठं गेली हे विचारा.

विम्यात एक खोच आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. म्हणून लोक म्हणतात 'विमा पाच वर्षांचा आहे'. तो फक्त समोरच्याच्या नुकसानीचा, आणि २०२१ च्या गाडीचा तो २०२६ मध्ये संपतो. आजच तारीख बघा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुधा पहिल्या वर्षानंतर भरलेलाच नसतो. ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता ७१४ रुपये अधिक जीएसटी आहे, तेव्हा यात कंजुषी नको. चालवणाऱ्या मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सरांच्या नावाचा आहे, तो गाडीबरोबर तुमच्याकडं येत नाही. तुमचा वेगळा काढा.

जाता जाता, उदगीर-देगलूरकडून कुणी बिदर किंवा तेलंगणाच्या पासिंगची स्वस्त गाडी दाखवली तर हात जोडा. त्या राज्याची एनओसी, इथला कर, नवा नंबर, एवढं सगळं करून ती स्वस्त राहत नाही. ओढून आणलेल्या, म्हणजे फायनान्सनं जप्त केलेल्या गाड्यांचंही तेच. हप्ते थकलेल्या माणसानं शेवटचे सहा महिने सर्व्हिसिंग केलेलं नसतं.

भावाचं बोलू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या काही हजारांनी उतरल्या, पण जुन्या गाड्या विकणारे अजून जुन्या हिशोबानं भाव सांगतात. १०० सीसीची साधी नवी गाडी आज ऑन-रोड ऐंशी-नव्वद हजारांत बसते, तेव्हा साडेचार-पाच वर्षांच्या स्प्लेंडरला ५२ जास्त आहेत. टायर आणि चेनसॉकेट बदलायला आले असतील तर ४५ च्या आत बोला, सगळं ठणठणीत असेल तर ४८ पर्यंत जा. सर ५२ वरच अडले तर नव्या गाडीकडं वळायला हरकत नाही, कारण मग तुम्ही स्वस्ताईसाठी जुनी घेतच नाही आहात.

नवी घ्यायची झाली तर १०० ची का? कारण तुम्हाला ती ओढायला, वळवायला, पावसात चिखलातून ढकलायला सोपी आहे. १२५ ची ताकद डबलसीट आणि चढ असला की कामाला येते, तुमचा प्रवास एकटीचा. शोरूममध्ये मात्र हप्त्याचा कागद नीट वाचा. '९ टक्के फ्लॅट' असं सांगतात. ७० हजार, दोन वर्षं, ९ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज १२,६०० आणि हप्ता साधारण ३,४४२ रुपये. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ७० हजारांवर लागत राहतं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीनं तोच दर साडेसोळा टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेत किंवा पतसंस्थेत याच पद्धतीचा दर विचारा आणि मग तुलना करा. ऑन-रोडच्या आकड्यात ॲक्सेसरीज, टेफ्लॉन, एक्स्टेंडेड वॉरंटी असं काय काय घातलेलं असतं, एकेक ओळ विचारून खोडायला लावा. लेगगार्ड ठेवा.

गाडी दारात यायच्या आधी लायसन्सचं काम आहे. तुमचं कॉलेजातलं लायसन्स विनागिअरचं असेल तर मोटरसायकलला ते चालत नाही. गिअरच्या दुचाकीसाठी लर्निंग काढा, तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. त्या महिन्यात नवी-जुनी कुठलीच गाडी घ्यायची गरज नाही. भावाची, चुलत्याची, जी मिळेल ती घ्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर सुट्टीच्या दिवशी क्लच शिका. पहिला गिअर, क्लच अर्धा, गाडी चालत्या माणसाच्या वेगानं, पाय वर. याच वेगात आठ काढायला आला की तुमचा हात तयार झाला. वेगात कुणालाही तोल सांभाळता येतो.

आठ जमला तरी लगेच महामार्गावर जाऊ नका. आधी आतला रस्ता पाठ करा, तोही उजेडात. कारखाने चालू असण्याच्या दिवसांत, दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, अंधार पडल्यावर या रस्त्यांवर उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, आणि मागं रिफ्लेक्टर असेलच असं नाही. हेडलाइटमध्ये तो ऊस दिसेपर्यंत अंतर संपलेलं असतं. पहिल्या हंगामात ड्युटी उशिरा सुटली तर बस किंवा सोबत बघा, गाडी केंद्रात कुलूप लावून ठेवा. पावसाळ्यात काळ्या रानातून जाणारा तुकडा लागत असेल तर उतरून बघा. ती माती पुढच्या मडगार्डात भरून चाक जाम करते, तेव्हा गिअर कुठला आहे याला अर्थ उरत नाही. माती काढायला एक काडी गाडीवर असू द्या.

हेल्मेट आयएसआय मार्कचं, आयएस ४१५१ लिहिलेलं, पूर्ण तोंड झाकणारं. रस्त्याकडेच्या दोनशेच्या टोपीला हेल्मेट म्हणू नका. ओढणीचं टोक सोडून बसायचं नाही, जॅकेटच्या आत घ्यायची. चेनकव्हर असलं तरी.

आणि व्यवहाराच्या दिवशी सरांना सगळे पैसे एकदम देऊ नका. टोकन देऊन पावती घ्या, फॉर्म भरून ओटीपी झाला की बाकीचे द्या, आणि पाच हजार मागं ठेवा. तुमच्या नावाचं आरसी हातात आलं की ते द्या. सर चांगले असले तर त्यांना यात वाईट वाटणार नाही, आणि वाईट वाटलं तर शोरूम आहेच.